लवकर येणाऱ्यास दुप्पट दंड

उशिरा पोहोचल्याबद्दल मी आजवर पुष्कळ भोगलं आहे. शाळेत बाकावर उभा राहिलो, ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा कापून घेतली, आणि स्वतःच्या साखरपुड्याला पाऊण तास उशिरा गेल्याबद्दल ऐकून घेणं तर अजून चालूच आहे. पण लवकर पोहोचल्याबद्दल दंड करणारी माणसं मला गेल्या ऑक्टोबरात पहिल्यांदा भेटली. तीही रविवारी सकाळी, खडकवासल्याच्या पुढं, अंगभर चिलखत घालून.

पुण्यात रविवारी पहाटे साडेपाचला जो जागा असतो तो एक तर दूधवाला असतो, नाही तर रायडर. मोटरसायकल चालवणारा प्रत्येक जण रायडर नसतो. साधा माणूस कुठं तरी पोहोचायचं म्हणून निघतो. रायडर निघायचं म्हणून निघतो आणि मग कुठं तरी पोहोचावंच लागतं म्हणून पोहोचतो. सोसायटीच्या खालीच मिळणारी मिसळ तो 80 किलोमीटर दूर जाऊन खातो आणि परत येऊन सांगतो, ‘‘मिसळ ठीक होती, पण रोड काय होता!’’ गुडघ्याला ढाल, कोपराला ढाल, पाठीला कासवासारखं कवच आणि हेल्मेटवर उगवलेला कॅमेरा. हा माणूस समोरून चालत आला तर पुण्यातला दुकानदारसुद्धा दुपारी दुकान उघडेल.

आमच्या ऑफिसातला एक तरुण या पंथात आहे. सोमवारी त्याची मोटरसायकल चिखलानं माखलेली असते आणि गुरुवारपर्यंत तो ती धूत नाही, कारण तोवर सगळ्यांची बघून व्हायची असते. त्यानंच मला रॅलीचं सांगितलं. डोंगरातले रस्ते, जंगलाकडेच्या कच्च्या वाटा, 110 किलोमीटर.

‘‘माझी गाडी स्प्लेंडर आहे,’’ मी म्हणालो. 97.2 सीसी. तिच्यावर मी वीस वर्षं भाजी आणली आहे.

‘‘सर, ही टीएसडी रॅली आहे. इथं सीसी लागत नाही, डोकं लागतं.’’

आपल्याकडे डोकं आहे हा माझा समज तेव्हा शाबूत होता, म्हणून मी पैसे भरले.

टीएसडी म्हणजे टाइम, स्पीड, डिस्टन्स. आयोजक तुम्हाला वेग नेमून देतात: डांबरी रस्त्यावर ताशी 40, घाटात 24, कच्च्या वाटेवर 20. तुम्ही तो सरासरी वेग राखून चालायचं. वाटेत कुठं तरी, कुठं ते कुणालाच ठाऊक नसतं, मार्शल दडून बसलेले असतात. त्यांच्यापाशी तुम्ही हिशेबानं ज्या मिनिटाला यायला हवं त्याच मिनिटाला यायचं. एक मिनिट उशीर झाला तर एक गुण दंड. एक मिनिट लवकर आलात तर दोन. हा नियम मी तीनदा वाचला. जन्मभर माझ्या बाजूचा असा एकही नियम माझ्या वाचनात आला नव्हता.

अडचण एकच होती. मागं बसून रस्ता सांगणारा आणि मिनिटांचा हिशेब ठेवणारा नॅव्हिगेटर हवा होता. बायकोला विचारलं. ती म्हणाली, ‘‘गेली वीस वर्षं मागं बसून रस्ताच सांगतेय. एकदा तरी ऐकलंत?’’ मग तिनंच मामांचं नाव सुचवलं.

मामा एसटीत कंडक्टर होते. 33 वर्षं नोकरी, त्यातली निम्मी वेल्हे, भोर या बाजूच्या मुक्कामी गाड्यांवर. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी खिसा उजव्या हातानं दाबून चालायची सवय गेलेली नाही. 1 जून 1948 ला एसटीची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला सुटली, हे ते घरातल्या जन्मतारखेसारखं सांगतात. रॅलीची कल्पना मी त्यांना समजावून दिली. ठरलेला रस्ता, ठरलेला वेग, ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी हजर, मध्ये तपासणी, हातात एक कार्ड, त्यावर प्रत्येक ठिकाणी वेळेची नोंद.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘‘म्हणजे ड्यूटी,’’ ते म्हणाले. ‘‘आणि यासाठी पैसे तू भरलेस?’’

आमचा नंबर 34. गाड्या सात एकपासून एकेक मिनिटाच्या अंतरानं सुटणार, म्हणून आमची वेळ सात चौतीस. ‘‘सात चौतीस!’’ मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. ‘‘ही काय सुटायची वेळ आहे? साडेसात म्हणा, पावणेआठ म्हणा. चौतीस आगगाडीला शोभतं.’’

सुटण्याआधी सूचनांचा कार्यक्रम झाला. सी. एस. संतोष 2015 मध्ये डकार रॅलीत उतरून ती पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, हरिथ नोआनं 2024 मध्ये त्याच रॅलीत रॅली टू हा गट जिंकला, हे एका तरुणानं भारावून सांगितलं. आम्हीही भारावलो. मग त्यानं रोडबुक वाटलं. त्यात पानभर चौकोन आणि प्रत्येक चौकोनात एक गोळा आणि एक बाण. गोळा म्हणजे तुम्ही आहात ती जागा, बाण म्हणजे जायची दिशा. या चित्रांना ट्युलिप म्हणतात, कारण ती हॉलंडच्या ट्युलिप रॅलीतून आली. ती रॅली 1949 पासून चालू आहे.

‘‘म्हणजे आपल्यापेक्षा एका वर्षानं लहान,’’ मामा म्हणाले. आपल्या म्हणजे एसटीच्या.

आता आमची सांकेतिक भाषा. हेल्मेटमधून बोललेलं नीट ऐकू येत नाही, म्हणून इतरांनी ब्लूटूथ बसवले होते. मामांनी माझ्या हेल्मेटवर बोटानं टकटक केलं. ‘‘एक वाजली की थांबायचं. दोन वाजल्या की सोडायची. बाकी बोलायचं कारण पडत नाही.’’ दोरी ओढून घंटी वाजवण्याच्या ज्या पद्धतीवर त्यांनी आयुष्यभर एवढी मोठी बस चालवली, तिच्यावर स्प्लेंडर चालायला हरकत नव्हती. सात चौतीसला हिरवा झेंडा हलला. टक टक. मी गाडी सोडली.

पहिले दहा किलोमीटर ओडो चेक. प्रत्येक गाडीचं मीटर वेगळं बोलतं, म्हणून आयोजकांचं मोजमाप आणि आपलं मोजमाप यातला फरक आधी काढून घ्यायचा. त्यांचे दहा झाले तेव्हा आमचे दहा पॉइंट चार झाले होते. म्हणजे माझी गाडी शंभराला चार फुगवून सांगत होती. मी खजील झालो. मामांना त्यात काही विशेष वाटलं नाही. ‘‘महागाई भत्ता,’’ ते म्हणाले आणि रोडबुकच्या समासात लिहून घेतलं.

खानापूरच्या पुढं पाबे घाट लागतो. इथून वेग ताशी 24. पुढचे रायडर मोबाइलवर अॅप लावून, सेकंदांचे काटे बघत चालले होते. एकाच्या हँडलवर तर इतके पडदे होते की त्याला रस्ता बघायला मान बाजूला काढावी लागत होती. आणि माझ्या मागून, हेल्मेटच्या आतून, एक घुमणारा आवाज यायला लागला.

‘‘सात अडीच साडेसतरा... आठ अडीच वीस... नऊ अडीच साडेबावीस...’’

ताशी 24 म्हणजे किलोमीटरला अडीच मिनिटं. मामा अडीचकी म्हणत होते! पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे सगळं त्यांच्या मास्तरांनी चौथीच्या आत त्यांच्याकडून पाठ करून घेतलं होतं आणि त्यानंतर साठ वर्षं ते मागणीअभावी पडून होतं. डांबरीला ताशी 40 होते तेव्हा त्यांनी दिडकी म्हटली. कच्च्या वाटेला ताशी 20, तिथं साधा तीनचा पाढा. मी मीटरवरचा आकडा ओरडायचा, ते भत्ता वजा करून मिनिटं सांगायचे, मी त्याप्रमाणे मूठ पिळायची किंवा सोडायची.

वेल्ह्याकडे उतरताना मात्र आयोजकांनी डाव टाकला. वेग ताशी 28. मागचा आवाज बंद पडला. मी कानोसा घेतला.

‘‘अठ्ठावीस,’’ मामा कडवटपणे म्हणाले. ‘‘किलोमीटरला दोन मिनिटं आणि वर साडेआठ सेकंद. याला पाढा नाही. हा वेग माणसानं ठरवलेला नाही.’’

अर्धा किलोमीटर शांतता. समोर तोरणा उभा होता. 1,403 मीटर, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला. त्याच्या डोक्यावर ढगाचं मुंडासं आणि उतारावर सोनकीचा पिवळा सडा. मी ते सगळं बघत असताना हेल्मेटवर इतकी जोरात टकटक झाली की मी दचकलो. ‘‘अरे, साताचं चौपट! पाव तासाला सात किलोमीटर! मधले दगड सोड, सातासाताला हिशेब धर!’’ हँडलवर पडदे लावलेला रायडर तेव्हा कडेला थांबून मोबाइल उंच धरून रेंज शोधत होता. त्याच्या शेजारून आम्ही पाव तासाला सात किलोमीटर या वेगानं, म्हणजे म्हशीला राग येणार नाही अशा बेतानं, पुढं गेलो.

रोडबुकची गंमत अशी की ते दोन आठवडे आधी केलेलं असतं. चौकोन क्रमांक 41 मध्ये खूण होती: ‘वाढदिवसाचा फ्लेक्स, डावीकडे.’ दोन आठवड्यांत त्या भाऊंचा वाढदिवस शिळा झाला होता. आता त्या चौकात तीन फ्लेक्स होते, तिघेही वेगळे भाऊ, तिघेही भावी, आणि तिघांची बोटं तीन दिशांना. चार रायडर तिथं मोटरसायकली लावून, दिलेल्या खुणेशी भाऊंचे चेहरे ताडून बघत होते. मामांनी वर बघितलंसुद्धा नाही. ‘‘फ्लेक्स सोड. वडाखाली म्हसोबा आहे ना? त्याच्या तोंडासमोरचा रस्ता धर. तो हलत नाही.’’

मार्शल शोधण्यात तर मामांचा हात धरणारा कुणी नव्हता. घड्याळाप्रमाणे आम्ही दीड मिनिट पुढं होतो. म्हणजे कुठं तरी थांबून वेळ घालवायला हवा होता. पण नियम असा, की मार्शल दिसू लागल्यावर थांबायचं नाही. तो दिसण्याआधी तो कुठं आहे हे कळायला हवं. हेल्मेटवर एक टकटक. मी थांबलो.

‘‘पुढच्या वळणापलीकडे चेकिंग आहे.’’

‘‘कशावरून?’’

‘‘चेकिंगवाल्यांना तीन गोष्टी लागतात. जीप लपवायला आडोसा, डबा खायला सावली आणि हात धुवायला पाणी. या पट्ट्यात तिन्ही एका जागी फक्त त्या चिंचेखाली आहेत. तेहतीस वर्षांत तिथं मला अकरा वेळा धरलंय. एकदाही रुपयाची तफावत निघाली नाही.’’

दीड मिनिट आम्ही वळणाआड उभे राहून शेंगदाण्याचा लाडू खाल्ला. मग टक टक. वळणापलीकडे चिंच होती, चिंचेमागे जीप होती आणि जीपमागे उघडलेला डबा होता. मार्शलनं हात पुसत आमच्या कार्डावर वेळ टाकली. शून्य दंड. ऑफिसातला तरुण 411 सीसीच्या गाडीवरून आमच्या मागून सुटला होता आणि तरी आमच्या आधी येऊन गेला होता. त्याला सहा मिनिटं लवकर आल्याबद्दल बारा गुण बसले होते. मोठ्या गाडीचा तोटा हा, की तिला हळू चालायला सांगणं म्हणजे लग्नातल्या बँडवाल्याला हळू वाजवायला सांगणं.

पासलीच्या पुढं डांबर सोडून लाल मातीची वाट सुरू झाली. पावसाळा नुकताच सरलेला, बैलगाडीच्या चाकोऱ्यांत पाणी, दोन्ही बाजूंनी कारवी हँडलला हात लावत होती. अशा वाटेवर बसून चालवायचं नसतं, पायटांवर उभं राहून चालवायचं असतं, असं तरुणानं शिकवलं होतं. मी उभा राहिलो. लगेच गाडी हलकी वाटली, म्हणून आरशात बघितलं, तर मामासुद्धा मागं उभे! एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हातात कार्ड, आणि चेहरा असा की स्वारगेटहून निघालेली खच्चून भरलेली गाडी आहे आणि अजून निम्मी तिकिटं काढायची राहिली आहेत. धावत्या गाडीत कशालाही न धरता उभं राहून सुट्टे मोजणं हा त्यांचा रियाज. खड्डा आला की माझा तोल जायचा आणि मामा मला सावरायचे. वाटेत गाई आडव्या आल्या. ‘‘चला, पुढं सरका, पुढं सरका,’’ मामा म्हणाले, आणि त्या सरकल्या. प्रवासी कधी एवढ्या चटकन सरकले नसतील.

ओढ्यापाशी गर्दी होती. पाणी गुडघ्याएवढंच, पण तळाशी शेवाळलेले गोटे. ऑफिसातल्या तरुणाची जवळजवळ 200 किलोची गाडी मधोमध आडवी झाली होती आणि तो तिच्याकडे असा बघत होता की जणू तिनंच त्याला काही तरी बोललं होतं. हँडलवरचा कॅमेरा पाण्याखालचं चित्रीकरण करत होता. मामांनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली, बूट गळ्यात अडकवले आणि ओढ्यात उभे राहून सूत्रं हाती घेतली. ‘‘तू मागून, तू डावीकडून, हँडल कुणी ओढायचं नाही. मी म्हणेन तेव्हाच. हां!’’ बंद पडलेली बस ज्यानं उतारूंकडून ढकलून घेतली आहे त्याला चार रायडर म्हणजे किरकोळ काम. गाडी उभी राहिली. आमची स्प्लेंडर मामांनी आणि मी दोन बाजूंनी धरून, पोरीला सासरी पाठवावं तशी पलीकडे नेली. या सगळ्यात तीन मिनिटं गेली, तीन गुण बसले. तरीही पहिल्या पाचांत होतो, असं पुढच्या मार्शलनं सांगितलं. पहिल्या पाचांत! मी शाळेत कधी पहिल्या पाच बाकांतसुद्धा बसलो नव्हतो.

केळदच्या अलीकडे मला थोडी मस्ती चढली. पुढं मढेघाट. सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच वाटेनं खाली कोकणात उमरठला नेला, असं या भागात सांगतात. माणसांनी खांद्यावर ओझं घेऊन जी वाट तुडवली तिथं आपण शॉकअब्जॉर्बरच्या नावानं रडत चाललो आहोत, असा एक उदात्त विचार माझ्या मनात येत होता. तोच रस्त्याच्या कडेला एका म्हातारीनं हात केला.

हेल्मेटवर एक टक.

‘‘मामा, रॅली चालू आहे! शेवटचा टप्पा आहे!’’

टक.

हात दाखवा, एसटी थांबवा. मी थांबलो. म्हातारीच्या डोक्यावर गाठोडं, हातात विळा. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मामांनी हेल्मेट काढलं, तसं तिनं डोळे बारीक केले.

‘‘तुमी मुक्कामी गाडीचं कंडक्टर न्हाई का?’’

मामांची छाती दोन इंच फुगली. इतकी वर्षं झाली, डोक्यावर केस राहिले नाहीत, तरी माणसं ओळख विसरली नाहीत! ‘‘होय मावशी! ओळखलंत?’’

‘‘वळखनार न्हाई तर! आठ आनं ऱ्हायलंत तुमच्याकडं माजं.’’

मी घड्याळ बघितलं. मामांची छाती मूळ ठिकाणी आली होती.

‘‘थोरलीच्या बाळातपनाला चाललीवती. तुमी तिकिटाच्या माघारी लिवून दिलं, उतरताना घ्या म्हनलात. उतरताना ही गर्दी. गाडी ग्येली निघून.’’

‘‘कधीची गोष्ट मावशी?’’

‘‘आता त्या बाळाला बाळ झालंय.’’

चिंचेखाली अकरा वेळा तपासणी होऊन ज्याच्याकडे रुपयाची तफावत निघाली नव्हती, त्याला केळदच्या रस्त्यावर आठ आण्यांना धरलं होतं. मामांनी सगळे खिसे उलटे केले. लाडूचा कागद, पेन, वाचायचा चष्मा आणि दहाची एक नोट निघाली. चार आणे 2011 सालीच सरकारनं बंद केले. आठ आणे कागदोपत्री चालू आहेत, पण खिशात कुणाच्या आहेत? मामांनी दहाची नोट पुढं केली.

म्हातारीनं ती उलटीसुलटी करून बघितली, घडी घालून कमरेच्या पिशवीत टाकली आणि गाठोडं सारखं केलं. ‘‘सुट्टं न्हाईत,’’ ती म्हणाली. ‘‘म्होरल्या खेपंला घ्या.’’

हे वाक्य मामांनी 33 वर्षं लोकांना ऐकवलं होतं. ऐकायची वेळ पहिल्यांदाच आली. ते काही क्षण तसेच उभे राहिले. मग खिशातलं पेन काढलं, हातातला कागद उलटा केला आणि मागं लिहिलं: ‘केळद. येणे रु. 9.50.’

टक टक.

शेवटच्या ठिकाणी आम्ही अकरा मिनिटं उशिरा पोहोचलो. मार्शलनं कार्ड मागितलं. मामांनी ते छातीशी धरलं.

‘‘काका, कार्ड जमा करावं लागतं. त्याशिवाय निकाल लागत नाही.’’

‘‘मिळणार नाही. याच्या मागं माझी येणी आहेत.’’

बराच वेळ चर्चा झाली. आयोजक आले, नियमावली आली. अखेर कार्डाच्या पुढच्या बाजूचा मोबाइलवर फोटो घ्यायचा आणि मूळ प्रत मामांकडे ठेवायची असा तोडगा निघाला. आम्ही चौदावे आलो. ऑफिसातला तरुण एकविसावा. परत येताना तो वाटेत तीनदा म्हणाला की तुम्ही थांबला नसतात तर ट्रॉफी होती. त्याची गाडी अजून धुतलेली नाही. या खेपेला ओढ्यातलं शेवाळही दाखवायचं आहे.

बुधवारी मामांचा फोन आला. ‘‘येत्या रविवारी मोकळा आहेस का? साडेनऊ रुपये आणायला जायचंय.’’

केळदपर्यंत जाऊन यायला पेट्रोल कितीचं लागेल, हा हिशेब मी त्यांना सांगितला नाही. त्यांना तो नक्कीच तोंडी आला असता. मी एवढंच विचारलं, ‘‘निघायचं किती वाजता?’’

‘‘सात चौतीस,’’ मामा म्हणाले.